गांबियाला पहिल्यांदा जाताना

मुलाला गांबियात नोकरी लागली तेव्हा हा देश कुठं आहे हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यात भूगोलही शिकवला. पण आफ्रिकेच्या पश्चिमेला एका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला हा चिंचोळा देश मी कधी मुलांना दाखवला नव्हता. मिस्टरांनी मोबाईलवर नकाशा मोठा करून बघितला आणि म्हणाले, "हा देश हाय का ओढा?"

मुलगा तिथं काजू आणि शेंगदाणे परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीचं गोदाम सांभाळतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि शेवटी एकच वाक्य असायचं, "आता तुम्ही या." मिस्टर नगरच्या एमआयडीसीत लेथवर काम करून निवृत्त झाले होते. मीही निवृत्त झाले होते. आमच्या संसारात सुट्टी म्हणजे अकोले तालुक्यात त्यांच्या गावी जायचं, नाहीतर जामखेडला माझ्या माहेरी. नुसतं फिरायला म्हणून आम्ही कधी कुठं गेलोच नव्हतो.

"डिसेंबरात या," मुलगा म्हणाला. "तेव्हा हवा कोरडी असते, डास कमी असतात. सगळे पर्यटक तेव्हाच येतात."

"तिकडं भात कधी लावत्यात?" मिस्टरांनी विचारलं.

मिस्टर अकोल्याच्या डोंगरातले. भाताच्या खाचरात जन्म गेला म्हणावं असं त्यांचं बालपण. मुलगा म्हणाला, पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत बायका लावणी करत असतात.

"मग तवाच येतो. आपल्याकडची आवणी उरकलेली असती."

"पप्पा, पावसाळ्यात मलेरिया फार असतो इथं."

"डास काय अकोल्यात न्हाईत?"

असं ते ठरलं. पुढचे दोन महिने मुलगा फोनवर सूचना देत राहिला. पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय जाता येत नाही, आणि ती नगरला मिळत नाही. आम्ही पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो. साठीच्या पुढच्यांना ही लस जपून देतात, म्हणून आधी डॉक्टरची चिठ्ठी न्यावी लागली. इंजेक्शन झाल्यावर पिवळं कार्ड मिळालं. मिस्टरांनी ते पासपोर्टच्या पाकिटात असं जपून ठेवलं की जणू त्या कार्डालाच घाबरून सगळे ताप लांब राहणार आहेत.

"ही लस एकाच तापाची आहे," मुलानं बजावलं. "मलेरियाची लस नव्हे. त्याच्या गोळ्या वेगळ्या. रोज घ्यायच्या, आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या."

"परत आल्यावर कशाला?"

"रोग रक्तात दडून बसतो पप्पा. आपण घरी पोचलो म्हणून तो तिथंच राहत नाही."

बाकीच्या सूचना ऐकायला मजा यायची. तिथं कुणालाही थेट काम सांगायचं नाही. दुकानात साखर घ्यायची असली तरी आधी विचारपूस करायची, सकाळ कशी गेली, घरची कशी आहेत, मग साखर. डाव्या हातानं काही द्यायचं-घ्यायचं नाही. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवायचं. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. समुद्रावर ओळख काढत येणारी तरुण पोरं भेटतील, त्यांना हसून नाही म्हणायचं, तोडून बोलायचं नाही. रस्त्यावर मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटायची नाहीत, त्यांना हात पसरायची सवय लागते. काही द्यायचंच असेल तर शाळेत नेऊन द्यायचं. मी पेन्सिलींची खोकी घेतली. मिस्टरांनी शेंगदाण्याची चटणी घेतली, तेव्हा मुलगा फोनवर हसत सुटला. शेंगदाण्याच्या देशात शेंगदाण्याची चटणी!

दोन विमानं बदलून आम्ही पोचलो. दार उघडल्याबरोबर गरम, ओली हवा अंगावर आली. रस्त्याकडेला आंब्याची झाडं, पत्र्याची छपरं, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसलेली माणसं. मला ते परकं वाटेना. रस्त्यांत खड्डे होते, वीज जायची, कधी एटीएममध्ये पैसे नसायचे. पण मुलगा म्हणाला होता, घड्याळ बॅगेत ठेवा, आणि ते आम्ही केलं. तो सल्ला मला सगळ्यांत उपयोगी पडला.

मुलगा एका बाईंच्या घरात भाड्यानं राहत होता. घरमालकीण माझ्याच वयाच्या, उंच, आवाज मोठा. त्यांना कामापुरतं इंग्रजी यायचं, मलाही तेवढंच यायचं. रोज सकाळी ओसरीवर त्या मला त्यांच्या भाषेतलं अभिवादन शिकवायच्या. त्या विचारायच्या, "घरची माणसं कुठं आहेत?" आणि आपण म्हणायचं, "ती तिथंच आहेत." कुशल असण्याचं उत्तर एवढंच. माणसं जिथं असायला हवीत तिथं आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे. मला ते फार आवडलं. शाळेत असते तर मुलांना शिकवलं असतं.

संध्याकाळ झाली की त्या स्वतः आमच्या खोलीत येऊन मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून जायच्या. मी एकदा म्हणाले, आम्ही करू, तुम्ही कशाला त्रास घेता. तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांची एक मुलगी लहानपणीच मलेरियाच्या तापानं गेली होती. "सकाळी खेळत होती," एवढंच म्हणाल्या आणि उरलेली कड खोचून बाहेर गेल्या.

त्यांचं भाताचं शेत नदीच्या अंगाला दलदलीत होतं. तिथं भात बायकांचा. पुरुष भुईमूग बघतात, भाताला हात लावत नाहीत. हे मिस्टरांना माहीत नव्हतं. आम्ही बघायला गेलो तर दहा-बारा बायका ओणव्यानं रोपं लावत होत्या. मिस्टर बांधावर थोडा वेळ उभे राहिले. मग चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले.

बायका सरळ उभ्या राहून बघायला लागल्या. एकजण काहीतरी म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या. मिस्टरांनी घरमालकीणबाईंच्या हातून रोपांची जुडी घेतली आणि लावायला सुरुवात केली. निवृत्तीनंतर त्यांची कंबर धरायची, पण त्या दिवशी ते मागं मागं सरकत ओळीनं लावत गेले. हसणं थांबलं. घरमालकीणबाई त्यांच्या ओळीजवळ आल्या, एक रोप उपटून बघितलं, परत खोचलं आणि मान हलवली.

"लई दाट लावत्यात ह्या," मिस्टर मला मराठीत ओरडून म्हणाले. "सांग त्यांना."

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

मग त्यांनी मराठीतच सांगितलं, बोटांनी अंतर दाखवून. बाईंनी त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, पाण्याकडं हात करून. बहुधा खारं पाणी चढतं, काही रोपं मरतात, म्हणून दाट लावतो, असं काहीतरी असावं, कारण मिस्टर म्हणाले, "हां, मग बरोबर हाय." ते दोघं आपापल्या भाषेत बराच वेळ बोलत होते. मी जामखेडची. ज्वारीच्या पलीकडं मला पीक कळत नाही. मी बांधावर बसून बघत राहिले. लग्नानंतर इतकी वर्षं मी या माणसाला निळ्या ड्रेसमध्ये डबा घेऊन कारखान्यात जाताना बघितलं होतं. चिखलातला हा माणूस मला नवा होता.

नंतर नातेवाइकांत बोललं गेलं, मिस्टर त्या चिखलात उतरले म्हणूनच पुढचं झालं. मला ते पटत नाही. मलेरियाचे डास रात्री चावतात, कुठं चावला कुणाला कळणार? आणि खरं सांगायचं तर, ते त्या शेतात उतरले नसते तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

निघायच्या दिवशी घरमालकीणबाई विमानतळावर आल्या. मिस्टरांनी हात पुढं केला तर त्यांनी डावा हात दिला. मिस्टर गोंधळले. मुलगा म्हणाला, "पप्पा, लांब जाणाऱ्याला इथं मुद्दाम डावा हात देतात. ही चूक आहे, ती सुधारायला माणसाला परत यावं लागतं." मिस्टरांनी डावा हात दिला आणि म्हणाले, "पुढच्या आवणीला येतो." मुलानं ते त्यांना सांगितलं. त्या हसल्या.

मुंबईच्या विमानतळावर आमची पिवळी कार्डं बघितली. सगळं ठीक होतं. नगरला घरी आलो, अंगणातला पाचोळा झाडला, दुधवाल्याला निरोप दिला, आणि संसार होता तसा सुरू झाला.

गोळ्यांनी मिस्टरांचं पोट जळायचं. तिथं असताना ते कुरकुर करत घ्यायचे. इथं आल्यावर थोडे दिवस घेतल्या, मग बंद केल्या. मी विचारलं तर म्हणाले, "आता आपल्या घरी आलो. हितला डास आपल्या ओळखीचा हाय." मला हसू आलं. मुलगा फोनवर विचारायचा, "पप्पा, गोळ्या चालू आहेत ना?" ते म्हणायचे, "हाय रे, चालू हाय." मुलाला काळजी नको म्हणून म्हणायचे. माझ्या गोळ्या मी संपवल्या, कारण मला शाळेपासून सवय, दिलेलं पुरं करायचं.

मध्ये आम्ही अकोल्याला जाऊन आलो. भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. मिस्टरांनी भावांना आणि भावजयांना गांबियाच्या भाताचं वर्णन करून सांगितलं. मोबाईलमधले फोटो दाखवले. भाऊ म्हणाला, "तिकडं पुरुष भाताला हात लावत न्हाईत? मग आमीबी न्हाई लावत आता." ओसरीवर हशा झाला. परत येताना आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो होतो आणि मिस्टर म्हणाले, अंग कसकसतंय.

नगरला आल्यावर थंडी वाजून ताप आला. दिवाळी तोंडावर होती, आमच्या भागात डेंग्यूचे पेशंट घरोघर होते. मी त्यांना रिक्षानं आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं. मी खिडकीशी केसपेपर काढत होते, ते आत गेले. परत रिक्षात बसल्यावर मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

"डेंग्यूच असंल म्हणाले. रक्त तपासायला सांगितलंय. इचारलं, बाहेरगावी कुठं गेलता का? म्हटलं, परवाच अकोल्याहून आलो."

बाहेरगाव म्हणजे अकोले. आमच्या घरात त्या शब्दाचा तोच अर्थ होता. गांबियाला आपण बाहेरगावी गेलो होतो असं कुणाच्या मनात येईल? ते परदेश होतं, सहल होती, ते संपलं होतं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. डॉक्टरांनीही विचारायचं ते विचारलं होतं.

रक्तात प्लेटलेट कमी निघाल्या. डेंग्यूतही त्या कमी होतात. दवाखान्यात दाखल करून सलाईन लावलं. मी पपई नेली, शेजारणीनं डाळिंबाचा रस दिला. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. उतरला की ते उठून बसायचे, चहा मागायचे. आपण बरे होतोय असं त्यांना वाटायचं, मलाही वाटायचं. मग एका दुपारी मी केस विंचरून देत होते तेव्हा ते मला म्हणाले, "पाणी सोड खाचरातलं, रोपं बुडत्याली." मी म्हणाले, "अहो, आपण दवाखान्यात आहोत." त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण ओळख नव्हती. डोळे पिवळे झाले होते.

डॉक्टरांनी लगेच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं त्यांचे डोळे बघितले, पोट दाबून बघितलं आणि माझ्याकडं वळली.

"काकू, गेल्या दोन-तीन महिन्यांत काका भारताबाहेर कुठं गेले होते?"

"हो. गांबियाला. आफ्रिकेत."

तिनं हातातले कागद चाळले. "हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"त्यांनी बाहेरगावी विचारलं होतं," मी म्हणाले.

पुढं सगळं फार भरभर झालं. रक्ताची काच तपासली. मेंदूला पोचलेला मलेरिया. इंजेक्शन सुरू झालं. ती मुलगी खोटा धीर देणाऱ्यांतली नव्हती. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि समोर दुसरी खुर्ची ओढून बसली. "उशीर झालाय," म्हणाली. "आम्ही सगळं करतोय." मी मुलाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगा अजून विमानात होता तेव्हा, मिस्टर गेले.

मुलगा येईपर्यंत आम्ही थांबलो. तो आला तेव्हा घरात माणसं भरली होती. तो कुणाशी बोलला नाही, सरळ वडिलांच्या पायाशी बसला. अकोल्याहून सगळा गाव आला होता. बुद्धवंदना झाली, त्यांना पोचवून आलो. घरात मी आणि तो, दोघंच उरलो तेव्हा तो म्हणाला, "आई, मी बोलावलं नसतं तर."

मी म्हणाले, "तू बोलावलंस म्हणून त्यांनी ते शेत बघितलं."

"मी रोज विचारायचो. ते रोज हो म्हणायचे."

"हो. तसेच होते ते."

तो रडला. मला रडू येत नव्हतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि भिंतीवर कुठं ओल आलीय ते बघत राहिले.

जलदान विधीच्या आदल्या दिवशी घरमालकीणबाईंचा फोन आला. मुलानं फोन माझ्या हातात दिला. मग त्यांनी सवयीनं, त्यांच्या भाषेत विचारलं, "घरची माणसं कुठं आहेत?" आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मला दुसरं उत्तर शिकवलेलंच नव्हतं. मी म्हणाले, "ती तिथंच आहेत." मग आम्ही दोघी फोन धरून रडलो. त्यांना मराठी येत नव्हतं, मला त्यांची भाषा येत नव्हती, आणि कामापुरतं इंग्रजी इथं पुरत नव्हतं. पण त्या घरातून एक मुलगी याच तापानं गेली होती. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही एकदा घरी येऊन चहा घेतला. कप खाली ठेवत म्हणाले, "मी परदेशी असं विचारायला पाहिजे होतं. आता प्रत्येकाला विचारतो." माझ्या मनात राग होता. अजून थोडा आहे. पण त्यांच्यासमोर तो बाहेर आला नाही.

मुलगा परत गेला. लोकांनी मला नावं ठेवली, असल्या देशात पोराला परत कसं पाठवलं म्हणून. मला त्या "असल्या देशात" या शब्दांचा त्रास होतो. तिथल्या आया दर पावसाळ्यात या तापाशी झगडतात, लेकरं गमावतात. आपण सहलीला गेलेली माणसं, आपल्याजवळ गोळ्या असतात.

आता परदेशी, विशेषतः आफ्रिकेकडं जाणारं कुणी ओळखीचं असलं की ते माझ्याकडं येतं. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतलं एक निवृत्त जोडपं आलं. त्यांच्या जावयाची बदली घानाला झाली होती आणि ते पहिल्यांदाच विमानात बसणार होते. मी त्यांना सगळं सांगितलं. लसीसाठी पुण्याला आधीच जा, कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे न्या. बंद बाटलीचंच पाणी प्या. आधी विचारपूस, मग काम. घड्याळ बघू नका. गोळ्या शेवटच्या गोळीपर्यंत घ्या, इथं आल्यावरसुद्धा. आणि परत आल्यावर साधी कणकण आली तरी डॉक्टरला पहिलं वाक्य सांगा, आम्ही आफ्रिकेतून आलोय. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

गृहस्थ मान डोलावत होते. त्यांची बायको माझ्यामागं स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, खरंच जाऊ का? तुमचं असं झालंय, मला भीती वाटते."

"जा," मी म्हणाले. "मलाही वाटते. तरी जा."

ते गेले आणि आले. ते आल्यापासून मला चैन पडेना. रोज सकाळी दूध आणायच्या निमित्तानं मी त्यांच्या गल्लीतून जायचे आणि फाटकाशी थांबून विचारायचे, तब्येत कशी आहे? कणकण वगैरे? पहिल्यांदा गृहस्थ हसायचे. नंतर त्यांना ते नकोसं व्हायला लागलं, हे मला दिसत होतं. तरी मी जायचे.

एका सकाळी ते फाटकातच उभे होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "ठणठणीत आहे हो बाई. काल शेवटची गोळी संपली. पोटाची पार वाट लागली त्या गोळ्यांनी."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "लागू दे वाट. रोज हातावर ठेवून गिळायला लावल्यात मी. आणि आता गावभर गाऱ्हाणी सांगू नका, चहा निवतोय."

ते माझ्याकडं बघून हसले आणि आत गेले. मीही हसले. दुधाची पिशवी घेऊन मी कोपऱ्यापर्यंत चालत आले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही होता. पण त्याहून जास्त हेवा वाटत होता, त्या बाईच्या रागावण्याचा, आत निवत असलेल्या चहाचा. मी बराच वेळ तिथं बसून होते. शाळेला जाणाऱ्या मुली बघून गेल्या. मग ऊन वर आलं, दूध नासेल म्हणून उठले.